घरच्या घरी गाडीला जाळीची फ्रंट ग्रिल: स्विफ्टवर केलेलं काम, सविस्तर

घाटवाट
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं म्हणत होतो, आज रविवार मोकळा मिळालाय म्हणून बसलोच.

आमची स्विफ्ट २००८ ची, पेट्रोल. बाबांनी घेतलेली, आता मी चालवतो. मागच्या वर्षी खंबाटकी उतरताना पुढच्या ट्रकच्या चाकातून दगड उडाला आणि समोरच्या ग्रिलच्या दोन पट्ट्या तुटून आत गेल्या. घरी येऊन टॉर्च मारून बघितलं तर तिच्यामागे एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस गार करणारा भाग, त्याच्या बारीक पात्या हाताच्या तळव्याएवढ्या जागेत चेपलेल्या. गॅस गळला नव्हता, तेवढं नशीब. पण तेव्हा पहिल्यांदा कळलं की ती ग्रिल म्हणजे नुसती शोभा नाही, तिच्यामागे चार बोटांवर काय काय महागाचं बसलेलं असतं.

आधी बाजारातून रेडीमेड जाळीची ग्रिल आणली. दुकानाचं नाव घेत नाही. प्लास्टिकवर क्रोम होतं, ते दोन महिन्यात पापुद्र्यासारखं सुटलं, आणि मागचे दोन हूक बसवतानाच तुटले होते ते दुकानदार बदलून द्यायला तयार नव्हता. मग ठरवलं की स्वतः करायची.

जाळी पुण्यातल्या बोहरी आळीतून आणली, ॲल्युमिनियमची एक्सपांडेड जाळी, म्हणजे तारा विणलेली नाही तर अखंड पत्र्याला चिरा देऊन ताणलेली, शंकरपाळ्यासारखी भोकं असतात ती. माझ्या जाळीची शंकरपाळी २० मिमी लांब आणि १० मिमी उंच आहे. हातात घेतली की दोन बाजू सारख्या नसतात हे लगेच कळतं, प्रत्येक पट्टी किंचित तिरपी वळलेली असते, एका बाजूने बघितलं तर आरपार दिसतं आणि दुसऱ्या बाजूने कमी. हे लक्षात ठेवा, कापताना उलटसुलट तुकडे झाले तर बसवल्यावर एक भाग काळा आणि एक भाग उघडा दिसतो. मी एकाच तुकड्यात कापली म्हणून वाचलो.

बंपर उतरवणं हे निम्मं काम आहे. वरच्या बाजूला प्लास्टिकच्या क्लिपा, मधली पिन स्क्रूड्रायव्हरने हलकी उचलायची मग अख्खी क्लिप निघते, घाई केली की तुटते. चाकांच्या कमानीत स्क्रू, खालून काही, आणि फॉगलॅम्प असतील तर त्यांचे कनेक्टर आठवणीने सोडवा, बंपर ओढला आणि वायर ताणली गेली असं व्हायला नको. दोन माणसं लागतातच. मी आणि बायको, तिने एक कड धरली मी एक, खाली जुनी सतरंजी अंथरली होती म्हणून रंगाला ओरखडा आला नाही.

जुन्या ग्रिलची चौकट ठेवली. आतल्या पट्ट्या हॅकसॉच्या सुट्या पात्याने कापल्या, कडेला १५ मिमीची किनार सोडून. मग कानशीने घासून साफ. पुठ्ठ्याचा साचा केला, तो चौकटीत चार वेळा घालून काढून कात्रीने कमी करत करत बरोबर बसवला, आणि मगच जाळीवर ठेवून मार्करने आखलं. जाळी थेट मोजमाप घेऊन कापू नका, चौकट सरळ नसते, मधे फुगीर असते, कोपऱ्यात मागे वळते, पट्टीने मोजलेलं कधीच बसत नाही.

आता जे चुकलं ते. पहिल्या वेळी जाळी चौकटीला ग्लूगनने चिकटवली, वरून एम-सील (दोन गोळे मळून लावायचं इपॉक्सी) लावलं, आणि खालची एक कड बंपरच्या प्लास्टिकवर होती तिथेही एम-सीलच. घरी हलवून बघितली तर दगडासारखी घट्ट. एप्रिलमध्ये साताऱ्याला निघालो, खंबाटकीत दुसऱ्या गिअरवर चढताना समोरून खडखड सुरू झाली. वर जाऊन बॉनेट उघडलं तर ग्लू मऊ होऊन सुटलेला आणि जाळीचं एक टोक कंडेन्सरच्या पातीला टेकलेलं. आणखी दहा किलोमीटर तसाच गेलो असतो तर नळी घासून भोक पडलं असतं. त्या दिवशी केबल टाय लावून घरी आलो आणि सगळं परत केलं, या वेळी चिकटवून नाही, आवळून.

दुसऱ्या पद्धतीचं सविस्तर खाली लिहितो, जेवायला बोलावतायत.

नवा_गडी
वा दादा मस्त. फोटो टाका ना प्लीज. माझी वॅगनआर आहे तिला करायचंय

पाना_आणि_पक्कड
ग्लूगन गाडीच्या पुढच्या भागात कुठेच वापरू नये. रेडिएटरची गरम हवा थांबलेल्या गाडीत पुढेही येते, आणि उन्हात उभ्या गाडीचं बॉनेट हात लावू देत नाही. तिथं तो ग्लू टिकणार कसा. मी तीस वर्षं गॅरेजमध्ये आहे, असल्या निखळलेल्या जाळ्या कंडेन्सरवर घासून आलेल्या दोन गाड्या स्वतः दुरुस्त केल्यात. लिहिलंत ते बरं केलंत, लोक चुका लपवतात.

मेकॅनिकल_ताई
एम-सील बंपरला का धरलं नाही त्याचं कारण सांगते. बंपर काढून त्याच्या मागच्या बाजूला बघा, साच्यातच अक्षरं उठवलेली असतात. बहुतेक बंपर पीपी म्हणजे पॉलीप्रॉपिलीनचे असतात, त्यात रबर मिसळलेलं. या प्लास्टिकला जवळजवळ काहीच चिकटत नाही, इपॉक्सी नाही, फेव्हिक्विक नाही, वर थर बसतो आणि वाळल्यावर नखाने निघतो. ग्रिलची चौकट मात्र बऱ्याचदा एबीएसची असते, तिला इपॉक्सी चांगलं धरतं. म्हणून तुमची वरची बाजू जास्त टिकली असेल आणि खालची आधी सुटली असेल, बरोबर का?

आणि एक, एबीएस ॲसिटोनने विरघळतं. नेलपॉलिश रिमूव्हरने चौकट पुसायला जाऊ नका, पृष्ठभाग चिकट होतो. साबणाचं पाणी आणि मग स्पिरिट, एवढं पुरे.

घाटवाट
ताई अगदी बरोबर, खालचीच बाजू आधी सुटली! आत्ता जाऊन उजेडात बघितलं, बंपरच्या आत पीपी लिहिलंय आणि जुन्या ग्रिलच्या तुकड्यावर एबीएस. इतके दिवस मला वाटत होतं एम-सील नीट मळलं नाही.

आता दुसरी पद्धत. जाळी चौकटीपेक्षा सगळीकडून १५ मिमी मोठी कापली आणि ती किनार मागे काटकोनात वळवली. वळवायला दोन लाकडी पट्ट्यांच्या मधे जाळी धरून शिकंज्यात आवळली आणि लाकडी हातोडीने हळूहळू ठोकली, लोखंडी हातोडीने शंकरपाळ्या चेपतात. कोपऱ्यात वळण येतं तिथे किनारीला छोटे छेद द्यावे लागतात, नाहीतर गोळा होते. चौकटीला मागच्या बाजूने आठ ठिकाणी ॲल्युमिनियमच्या पट्टीचे एल आकाराचे तुकडे लावले, एम४ चा म्हणजे ४ मिमीचा स्क्रू, मोठा वॉशर, मधे सायकलच्या ट्यूबमधून कापलेला रबराचा वॉशर आणि नायलॉक नट, आत नायलॉनची कडी असतो तो. साधा नट कंपनाने सुटतो, नायलॉकच घ्या. जाळी पट्टीखाली दबते, भोक पाडून स्क्रूवर टांगलेली नाही. गाडी बंद असताना बोटाने दाबली तर अर्धा मिलिमीटर हलते आणि परत येते, आवाज नाही.

सगळ्यात वेळखाऊ काम कडांचं. जाळी कापली की प्रत्येक शंकरपाळीचं एक टोक सुईसारखं राहतं, माझ्या ग्रिलमध्ये अशी दीडशेच्या वर टोकं होती. एकेक कानशीने घासलं, मग पॉलिश पेपर, मग पूर्ण किनारीला रबराची यू बीडिंग, दरवाज्याच्या कडेला लावतात तीच. गाडी धुताना हात आत जातो, पोरं गाडीला हात लावतात, आणि देव न करो कुणाला गाडीचा धक्का लागला तर पहिला स्पर्श तिथेच होतो. दोन संध्याकाळी गेल्या यात. कमी केल्या नाहीत.

ऑरेंजसिटी
भाऊ काम एक नंबर. पण आमच्या नागपुरात मे महिन्यात ४५ च्या पुढे पारा जातो, सिग्नलला एसी लावून उभं राहिलं की गाडीचा जीव जातो. जाळीने हवा अडत नाही का? माझ्या ओळखीच्या एकाने मच्छरजाळीसारखी बारीक जाळी लावली होती, दिसायला फार भारी, पण उन्हाळ्यात गाडी तापायला लागली.

मेकॅनिकल_ताई
बारीक जाळी हा सगळ्यात जास्त दिसणारा घोटाळा आहे. हिशोब सोपा आहे, चौकोनी भोकाची विणलेली जाळी धरा. भोकाची रुंदी भागिले भोक अधिक तार, आणि उत्तराचा वर्ग. भोक १० मिमी, तार १ मिमी, तर १० भागिले ११, त्याचा वर्ग म्हणजे साधारण ८३ टक्के जागा उघडी. तीच १ मिमी तार पण भोक ३ मिमी, तर ३ भागिले ४, त्याचा वर्ग ५६ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्मं तोंड बंद करून गाडी चालवताय. आणि बारीक भोकात हवेला घासत जावं लागतं म्हणून प्रत्यक्षात नुकसान ५६ च्या आकड्यापेक्षा जास्त. त्यात रात्रीच्या हायवेवर किडे चिकटतात, पावसात चिखल, मग उरलेलंही बंद.

एक्सपांडेड जाळीत पट्ट्या तिरप्या असतात त्यामुळे कोणत्या दिशेने बसवली यावर हवा कुठे वळते ते अवलंबून आहे. 

अजून एक गोष्ट जी कोणी बघत नाही. बंपर आणि रेडिएटरच्या मधे कडेला प्लास्टिकचे किंवा फोमचे पडदे असतात. बंपर काढताना ते निघतात आणि लोक परत लावत नाहीत, कचरा समजून. ते हवेला रेडिएटरमधूनच जायला भाग पाडतात, नसले तर हवा सोपी वाट धरून बाजूने निघून जाते. जाळी कितीही चांगली लावा, पडदे नसतील तर गाडी तापणार.

ऑरेंजसिटी
हे पडद्याचं माहितच नव्हतं ताई. माझ्या गाडीचा डावीकडचा गायब आहे, आत्ता खाली वाकून बघितलं. धन्यवाद

घाटवाट
ऑरेंजसिटी भाऊ, मी आधी आणि नंतर मोजलं होतं ते सांगतो. गाडी नीट गरम करून आणली, उभी केली, एसी बंद ठेवून इंजिन चालू, आणि रेडिएटरचा फॅन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत किती सेकंद चालतो ते मोबाईलवर मोजलं, लागोपाठ पाच वेळा. जाळी बसवल्यावर तीच जागा, तीच दुपारची वेळ, परत पाच वेळा. फरक दोन-तीन सेकंदांचा, तेवढा तर पाच वेळांमधेही आपापसात होता. फॅनची वेळ खूप वाढली असती तर जाळी काढून टाकली असती, दिसायला कितीही आवडली असती तरी. उभ्या गाडीचं झालं हे, नंतर कात्रज चढून बघितला एसी लावून, काही त्रास नाही.

रत्नागिरीची_हवा
आमच्याकडे समुद्राची हवा. मी दोन वर्षांपूर्वी अशीच ॲल्युमिनियमची जाळी लावली आणि गंजणार नाही म्हणून मुद्दाम स्टेनलेसचे स्क्रू वापरले. पहिल्या पावसाळ्यानंतर बघतो तर प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी भुकटी आणि जाळी तिथे कुरतडल्यासारखी. स्क्रू चकाचक. असं का झालं?

मेकॅनिकल_ताई
दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटले आणि मधे खारं पाणी आलं की सेल तयार होतो, बॅटरीसारखाच. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि स्टेनलेस वाचतं. स्क्रू छोटा आणि जाळी मोठी म्हणून तुमचं थोडक्यात निभावलं, उलटं असतं म्हणजे स्टेनलेसची जाळी आणि ॲल्युमिनियमची रिव्हेट, तर रिव्हेट एका पावसात गेली असती. उपाय हाच की धातूला धातू लागू द्यायचा नाही. घाटवाट यांनी रबराचा वॉशर घातलाय तो खडखडीसाठी घातला असेल पण या कामीही येतोय. स्क्रूच्या दांड्यावर पण नळीचा तुकडा चढवा. आणि रंग आधी, फिटिंग नंतर.

उद्यमनगरी
रंगाचं मी सांगतो, आमचं कोल्हापुरात पावडर कोटिंगचंच काम आहे. ॲल्युमिनियमवर डायरेक्ट स्प्रे मारला की रंग सोलून निघतोय, कारण त्यावर हवेतच एक पातळ थर धरतो आणि रंगाला पकड मिळत नाही. आधी ३२० च्या पेपरने सगळी चमक मारायची, धुवायची, वाळवायची, मग एच (etch) प्रायमर, तो ॲल्युमिनियमसाठी वेगळा मिळतो, मग मॅट ब्लॅक. डबा २०-२५ सेमीवर धरायचा, पातळ हात, दोन हातांच्या मधे दहा-पंधरा मिनिटं. जाळीला चारी बाजूंनी तिरपं मारावं लागतंय, समोरून मारलं की भोकातून निम्मा रंग हवेत जातोय आणि पट्ट्यांच्या कडा पांढऱ्या राहत्यात.

पाऊस सुरू झाल्यावर रंगवू नका. हवेत ओल असली की मॅट ब्लॅकवर पांढरट झाक येते, ती नंतर जात नाही, परत घासावं लागतंय.

पावडर कोटिंग करणार असाल तर नुसती जाळी द्या, चौकटीसकट देऊ नका. भट्टी १८०-२०० डिग्रीची असते, एबीएसची चौकट वाकून बाहेर येईल. जीआय जाळी, म्हणजे जस्ताचा थर दिलेली लोखंडी, असेल तर घरी ग्राइंडरने घासत बसू नका, जस्ताचा धूर छातीला वाईट. परवा एक भावा चौकट लावूनच घेऊन आला होता, परत पाठवला त्याला, आधी सोड म्हटलं.

घाटवाट
उद्यमनगरी दादा, माझा रंग एका कोपऱ्यात सुटायला लागलाय, आता कारण कळलं. मी साधा प्रायमर मारला होता. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की काढून तुमच्या पद्धतीने करतो.

नवा_गडी
आरटीओवाले धरतील का याला? आणि इन्शुरन्स?

पाना_आणि_पक्कड
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, गाडीच्या नोंदणीत जे लिहिलंय, म्हणजे इंजिन, बॉडीचा प्रकार, इंधन, रंग वगैरे, ते परवानगीशिवाय बदलता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. बंपरच्या पुढे लावतात ते लोखंडी दांडे, म्हणजे बुलबार, तर डिसेंबर २०१७ पासून केंद्राच्या आदेशाने धरले जातात, पादचाऱ्याला घातक म्हणून. जाळी मूळ चौकटीच्या आत आहे, बाहेर एक सूतही येत नाही, कडा झाकलेल्या आहेत, तर ती बुलबारमध्ये मोडत नाही. पण चौकटीच्या बाहेर आलेली, टोकं उघडी असलेली जाळी मी माझ्या गॅरेजमध्ये लावून देत नाही, गिऱ्हाईकाने कितीही पैसे दिले तरी. विमा कंपनीला एक मेल टाकून ठेवा, नंतर क्लेमच्या वेळी वाद नको.

आणि नंबर प्लेट. हाय सिक्युरिटी प्लेटचे स्नॅप लॉक एकदा काढले की परत लागत नाहीत. प्लेट बंपरवर तशीच राहू द्या, बंपरसकट उतरवा आणि बंपरसकट चढवा.

स्टुटगार्टकर
जर्मनीत हे इतकं सोपं नाही. इथे बाहेरचा पार्ट लावायचा तर त्याची मंजुरीची कागदपत्रं लागतात किंवा टीयूव्ही या तपासणी संस्थेकडे तपासून नोंद करून घ्यावी लागते, नाहीतर गाडीची रस्त्यावर चालवायची परवानगीच धोक्यात येते. धारदार कडांवर तर तपासणारा माणूस बोट फिरवून बघतो. पाना_आणि_पक्कड काकांचा नियम इथल्यासारखाच आहे.

एसयूव्ही_२०२३
माझी गाडी नवी आहे, एडास वाली, म्हणजे रडार वगैरे वापरून आपोआप ब्रेक लावणारी. तिला करता येईल का? मूळ ग्रिल फारच चमकते.

मेकॅनिकल_ताई
आधी रडार कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. बऱ्याच गाड्यांत ते पुढच्या लोगोमागे किंवा बंपरच्या मधोमध असतं. त्याच्या समोर धातूची जाळी आली तर रडारच्या लाटा परत फिरतात, आणि ऑटोमॅटिक ब्रेक एकतर बंद पडतो किंवा चुकीच्या वेळी लागतो. रडारसमोर धातूचे कण असलेल्या रंगानेसुद्धा अडथळा येऊ शकतो. तुमच्या गाडीला जाळी नका लावू, चमक नको असेल तर रडारचा भाग सोडून बाकीच्या क्रोमवर काळी व्हिनाइल फिल्म लावून घ्या, हवी तेव्हा निघते.

एसयूव्ही_२०२३
रडार लोगोमागेच आहे, आत्ता मॅन्युअल बघितलं. फिल्मच लावतो. थँक्यू ताई, मी उद्या जाळी आणायला जाणार होतो.

नवा_गडी
दादा मी जाळी आणली! मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळाली, स्टेनलेसची विणलेली, भोक १० मिमी. पण साध्या कात्रीने कापतच नाही, हाताला फोड आले

पाना_आणि_पक्कड
स्टेनलेस हाताने कापायची चीज नाही. परत देता येत असेल तर द्या आणि ॲल्युमिनियमची एक्सपांडेड आणा, पत्रा कापायच्या कात्रीने ती कागदासारखी कापते. द्यायची नसेल तर ग्राइंडरला पातळ कटिंग डिस्क, डोळ्याला गॉगल, हातात मोजे, आणि जाळी दोन प्लायच्या मधे दाबून कापा म्हणजे थरथरणार नाही. विणलेल्या जाळीच्या कडेच्या तारा कापल्यावर सुटतात, त्यांना आधी वेल्डिंगचे टाके घालून घ्यावे लागतील. म्हणून म्हणतो परत द्या.

घाटवाट
आणि कापायच्या आधी मधली रेघ काढ. चौकटीची मधली रेघ आणि जाळीतल्या एका शंकरपाळीचं बरोबर टोक, हे जुळलं पाहिजे. अर्धी शंकरपाळी जरी सरकली तरी लोगोच्या डाव्या उजव्या बाजूला भोकं वेगळी दिसतात आणि दहा फुटांवरून कळतं. मी पुठ्ठ्यावर मधे भोक पाडून त्यातून बघून जुळवलं.

वॅगनआरची चौकट किती खोल आहे ते बंपर उतरल्यावर मोजून इथे लिही. जाळी आणि कंडेन्सरमध्ये माझ्याकडे ४० मिमी जागा आहे, हाताने जोरात दाबली तरी टेकत नाही. तुझ्याकडे कमी निघाली तर मधे मागून एक आडवी पट्टी द्यावी लागेल.

नवा_गडी
दुकानदाराने बदलून दिली जाळी, चांगला माणूस होता. शनिवारी भाऊ येतोय पुण्याहून, बंपर तेव्हा उतरवतो. पुठ्ठा फ्रिजच्या खोक्याचा चालेल ना?

घाटवाट
धावेल. फक्त घडी पडलेला भाग घेऊ नको. आणि क्लिपा पाच-सहा जास्तीच्या आणून ठेव, निदान दोन तरी तुटतीलच.